वाचकांचे प्रश्न : राज्यसभेत दिवसभर चालतं तरी काय?

आपल्या सुमित्राताई महाजन लोकसभेच्या स्पीकर होत्या तेव्हा (2014 ते 19) इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत दुपारी लोकसभा लावलेली असायची, त्यामुळे तिकडचं बरंच लोकांना पाठ झालंय. पण वरचं सभागृह नक्की काय करतं हे अजून खूप जणांना कळत नाही, असं या वेळच्या पत्रांवरून दिसतंय. त्यातली काही पत्रं घेतोय.

प्रश्न (सुदामा नगरचे एक काका) : रिटायर झाल्यापासून 11 वाजता संसद टीव्ही लावून बसतो. राज्यसभा सुरू होते, अर्ध्या तासात आरडाओरडा, की तहकूब. रोज असंच का? यांचं कामकाज आधी ठरलेलं असतं की ज्याला जे सुचेल ते?

उत्तर : काका, ठरलेलं असतं, अगदी छापून ठरलेलं असतं. रोजची कार्यसूची आदल्या दिवशीच निघते, sansad ची साइट उघडली की कोणालाही वाचता येते, आणि ती समोर ठेवून टीव्ही बघितलात ना तर तेच कामकाज एकदम वेगळं दिसायला लागतं.

11 ला मार्शल खड्या आवाजात वर्दी देतो, सभापती येतात, सगळे उभे राहतात. मग कागद सुरू. एकेक मंत्री उठतो, अमुक अहवाल पटलावर ठेवतो म्हणतो, बसतो. बघायला कंटाळा येतो खरा, पण सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल, अधिसूचना, कॅगचे रिपोर्ट, समित्यांचे अहवाल सगळे याच पाच-दहा मिनिटांत येतात आणि एकदा पटलावर आलेला कागद दाबून ठेवता येत नाही, तो तुमचा-माझा झाला.

त्यानंतर शून्य प्रहर. एकेका सदस्याला 3 मिनिटं, वेळ संपली की माईक आपोआप बंद, वाक्य अर्धं राहिलं तरी बंद. कोणी आपल्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलचं बोलतो, कोणी कांद्याच्या भावाचं, कोणी एखाद्या ट्रेनच्या स्टॉपेजचं. मला स्वतःला हा भाग फार आवडतो कारण देशाच्या कानाकोपऱ्यातलं दुखणं इथे ऐकू येतं, आणि 2018 पासून घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 पैकी कुठल्याही भाषेत बोलता येतं, भाषांतराची सोय आहे. आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाचा आवाज कसा मोकळा होतो ते बघाच एकदा.

12 वाजता प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत तो 11 ला असतो, राज्यसभेतही पूर्वी तेव्हाच असायचा, पण सकाळच्या गोंधळात रोज हाच तास वाया जायचा म्हणून 2014 च्या हिवाळी अधिवेशनापासून, हमीद अन्सारी सभापती होते तेव्हा, तो 12 वर नेला. दिवसाला 15 तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं, आणि 160 अतारांकित, त्यांची लेखी उत्तरं येतात. तारांकितचं लेखी उत्तर आधीच वाटलेलं असतं, खरी मजा उपप्रश्नात. ज्याचा प्रश्न आहे त्याला दोन उपप्रश्न, मग इतरांना सभापती संधी देतात. लेखी उत्तर ऑफिसर लोक तयार करतात, त्यात सगळं गुळगुळीत असतं, पण उपप्रश्न कुठून येईल ते मंत्र्याला माहीत नसतं, तिथे त्याचा अभ्यास किती आहे ते दोन मिनिटांत कळतं. म्हणूनच हा तास बुडाला की मला फार वाईट वाटतं. गोंधळात सभागृह तहकूब झालं तरी तारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर येतातच, त्यामुळे वरवर वाटतं काही बिघडलं नाही, पण उपप्रश्न गेले ते गेले. सरकारला जाब विचारायची जागा गेली. विरोधक कोणी असोत, सत्तेत कोणी असो, गेल्या कित्येक वर्षांत सगळ्यांनीच हे केलंय आणि कोणाचंही यात भलं झालेलं नाही.

1 ते 2 जेवण. दुपारनंतर विधेयकं, चर्चा, मग मतदान. बहुतेक वेळा आवाजी, कोणी मागणी केली तर मतविभागणी. घटनादुरुस्ती असेल तर मतं मोजावीच लागतात, 21 सप्टेंबर 2023 ला महिला आरक्षणाच्या विधेयकाला 214 मतं बाजूने आणि विरोधात शून्य, असं याच सभागृहात झालं. 6 ला उठायचं असतं, पण सभागृहाची तयारी असेल तर रात्रीही चालतं.

आणि काका, शुक्रवारची दुपार चुकवू नका. त्यात अडीच तास खासगी सदस्यांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या कोणाचेही. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये, तरीपण लोक मांडत राहतात. 24 एप्रिल 2015 च्या शुक्रवारी द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते झालं नाही, पण पुढे सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला, तो 2019 मध्ये झाला.

प्रश्न (राजेंद्र नगरच्या एक ताई) : माहेर धुळ्याचं. इंदूर-मनमाड रेल्वेचं ऐकत ऐकत म्हातारी व्हायची वेळ आली. मी सामान्य बाई, राज्यसभेत हा प्रश्न मला विचारता येईल का?

उत्तर : ताई, थेट नाही, पण विचारून घेता येतो आणि तो घ्यायलाच हवा. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने या 309 किलोमीटरच्या लाइनला मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी, आणि 2028-29 पर्यंत पूर्ण करायचं असं तेव्हा सांगितलंय. म्हणजे आता "होणार का" असं विचारू नका, तो प्रश्न वाया जाईल. कुठल्या जिल्ह्यात किती जमीन ताब्यात आली, या वर्षी किती पैसे दिले आणि त्यातले खर्च किती झाले, सेंधव्याकडच्या घाटातल्या कामाचं टेंडर कुठल्या टप्प्यावर आहे, असे आकडा मागणारे प्रश्न लिहा.

मध्य प्रदेशचे राज्यसभेत 11 सदस्य आहेत, त्यातल्या कोणालाही पत्र पाठवा, मेल करा. धुळ्यात माहेरची मंडळी आहेत ना, त्यांना महाराष्ट्राच्या 19 जणांपैकी कोणाला तरी लिहायला सांगा. नोटीस किमान 15 दिवस आधी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो, त्यामुळे अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच हलायचं, सुरू झाल्यावर नाही. तारांकितमध्ये नंबर लागला नाही तरी नाराज होऊ नका, अतारांकितचं लेखी उत्तरही मंत्र्याचंच असतं, ते साइटवर कायम राहतं आणि पुढच्या वर्षी तेच समोर धरून विचारता येतं. फक्त आपल्या गल्लीतला ड्रेनेज किंवा नळाचं पाणी यात घालू नका, तो केंद्राचा विषय नाही, प्रश्न स्वीकारलाच जाणार नाही.

प्रश्न (रामबागहून) : लतादीदी आपल्या इंदूरच्या. त्या राज्यसभेत होत्या म्हणतात, मग निवडून कधी आल्या?

उत्तर : निवडून नाही, राष्ट्रपतींनी नियुक्त केलं होतं, 1999 ते 2005. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यातले 12 लोक असे येतात. दीदींची उपस्थिती फार कमी होती, त्यावरून टीकाही झाली आणि ती मला पटते, प्रेम कितीही असलं तरी. सचिन तेंडुलकर 21 डिसेंबर 2017 ला खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला तर गोंधळामुळे त्याला बोलूच दिलं नाही, शेवटी त्याने भाषणाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. तेही तितकंच वाईट. दुसऱ्या बाजूला धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे 1953 ते 1964 असे सलग नियुक्त सदस्य होते आणि तिथे असतानाच 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

प्रश्न (भंवरकुआंला पीएससीची तयारी करणारा एक विद्यार्थी) : बजेट, धन विधेयक राज्यसभा अडवू शकत नाही, 14 दिवसांत परत करावंच लागतं. बाकीच्यात अडवलं तर संयुक्त बैठक आहे. मग हे सभागृह शोभेचंच ना?

उत्तर : बाळा, वाचलंस ते बरोबर आहे, पण संयुक्त बैठकीत, म्हणजे दोन्ही सभागृहं एकत्र बसून, आजवर तीनच विधेयकं मंजूर झाली, 1961 चं हुंडाबंदीचं, 1978 चं बँकिंग सेवा आयोग रद्द करायचं आणि 2002 चं पोटा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं. राज्य सूचीतल्या, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयावर संसदेने कायदा करावा की नाही, हे घटनेच्या 249 कलमाखाली फक्त राज्यसभाच दोन तृतीयांश मतांनी ठरवते. नवीन अखिल भारतीय सेवा सुरू करायची तर 312 खाली तसंच.

आणि घटनादुरुस्तीला संयुक्त बैठकीचा रस्ताच नाही. होळकर, शिंदे, गायकवाड अशा सगळ्या जुन्या संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करायचं घटनादुरुस्ती विधेयक सप्टेंबर 1970 मध्ये लोकसभेत पास होऊन इथे आलं. बाजूने 149, विरोधात 75. 224 चे दोन तृतीयांश म्हणजे 149.33, म्हणजे 150 हवे होते. एका मताने पडलं. सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेतली, तो आदेश डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, मधे लोकसभेची निवडणूक झाली, आणि तनखे गेले ते 1971 मध्ये, 26 व्या घटनादुरुस्तीने.