बेलफास्टच्या वस्त्यांमधील भेटी आणि नोकरीचा प्रश्न

पत्र : माझी मुलगी राज्यशास्त्राची पदवीधर असून, उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे संघर्षोत्तर समाजांच्या अभ्यासाचे एक वर्षाचे एम.ए. करते आहे. पुढच्या महिन्यात तिच्या वर्गाला तिथल्या वस्त्यांमधील रहिवाशांना भेटायला नेणार आहेत. आम्ही शैक्षणिक कर्ज काढले आहे. लोकांशी बोलण्यात कसले शिक्षण आणि यातून नोकरी कुठे मिळणार, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘आई, २००९ साली आपल्या गल्लीत संचारबंदी लागली होती, ते मला अजून आठवते.’ मला पुढे काही बोलता आले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक आई, मिरज

उत्तर :
आदरणीय ताई, सादर नमस्कार.

तुमची काळजी रास्त आहे. मात्र मुलीचे ते एक वाक्य मला तिच्या गुणपत्रिकेपेक्षा मोलाचे वाटते, कारण या क्षेत्रात टिकतात ती माणसे बहुधा अशाच एखाद्या आठवणीतून आलेली असतात. ज्या मिरजेत दर्ग्याच्या उरुसातील संगीतसभेला सर्व धर्मांचे श्रोते मांडीला मांडी लावून बसतात, त्याच मिरजेत गणेशोत्सवातील एका कमानीवरून दंगल पेटली, हे तिने लहानपणी पाहिले. असे का होते आणि झाल्यावर माणसे पुन्हा शेजारी म्हणून कशी राहतात, हा तिचा प्रश्न आहे.

बेलफास्टमध्ये हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८च्या ‘गुड फ्रायडे’ शांतता करारापर्यंत चाललेल्या उत्तर आयर्लंडच्या संघर्षात एकूण साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. मुळात वाद प्रांताने ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंड प्रजासत्ताकात सामील व्हावे, या राजकीय भवितव्याचा होता, पण त्याच्या रेषा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधून आखल्या गेल्या. कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंटांचा शँकिल रोड या दोन वस्त्यांमध्ये १९६९ साली उभारलेले अडथळे पुढे उंच, पक्क्या भिंती झाले, आणि करारानंतर पंचवीसहून अधिक वर्षे उलटली तरी त्या भिंती उभ्याच आहेत. २०२३ पर्यंत त्या काढण्याचे उद्दिष्ट सरकारने ठरवले होते. ते पूर्ण झाले नाही. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला ती भिंत द्वेषाची खूण वाटते. तिच्या सावलीत राहणाऱ्या एखाद्या आजींना मात्र तिच्यामुळेच रात्री झोप लागत असते, आणि त्यांना हे कळत नाही की शांतता आली असेल तर भिंत पाडण्याची घाई कोणाला आहे. ही गोष्ट पुस्तकात वाचून समजते, पण त्या आजींच्या स्वयंपाकघरात बसून ऐकली की ती कायमची लक्षात राहते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

आता भेटीच्या रीतीविषयी, कारण माझ्या मते मुलीची खरी परीक्षा तिथे आहे. बेलफास्टच्या या रहिवाशांना भेटायला जगभरातून विद्यार्थी येत असतात. आपल्या घरातील मृत्यूची कहाणी अनोळखी तरुणांना पुन्हा पुन्हा सांगणे सोपे नसते, आणि पाहुणे टिपणे घेऊन निघून गेले की ती जखम त्या घरातच उरते. म्हणून तिने ‘त्या दिवशी काय झाले’ असा प्रश्न स्वतःहून विचारू नये. मुले कोणत्या शाळेत जातात, खरेदीला कुठे जाता, भिंतीचे दरवाजे रात्री बंद झाल्यावर येण्याजाण्याचे काय करता, असे आजचे विचारावे. मोठे दुःख सांगायचे असेल तर ते आपोआप येते. शब्दही जपून वापरावे लागतात : वायव्येकडील दुसऱ्या मोठ्या शहराला एक समाज ‘डेरी’ म्हणतो, दुसरा ‘लंडनडेरी’, आणि पाहुण्याने कोणते नाव उच्चारले याकडे कान असतात. ज्याच्या घरी बसलो त्याचे नाव वापरावे, आणि दोन्ही घरी जावे. (ते शहर आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीमेला लागून आहे आणि सीमेवर तपासणी नाका नाही; तरीही ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पलीकडे जाता येत नाही, तेवढे तिला आवर्जून सांगा.)

नोकरीविषयी मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. तिथे युवककार्य, पीडित कुटुंबांना आधार देणाऱ्या संस्था आणि दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकणाऱ्या शाळा यांतून कामे आहेत, परंतु त्यांतील पुष्कळशी युरोपीय संघाच्या आणि ब्रिटनच्या निधीवर चालणाऱ्या ‘पीसप्लस’सारख्या कार्यक्रमांतून येतात आणि निधीची मुदत संपली की नोकरीचीही मुदत संपते. आपल्याकडे तर ‘शांतता अधिकारी’ अशी जाहिरात निघत नाही. मात्र संवाद साधणे, तंटा समजून घेणे आणि वस्तीत विश्वास मिळवणे ही कौशल्ये स्वयंसेवी संस्था, विस्थापन व पुनर्वसनाचे प्रकल्प, कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग आणि संशोधन संस्था यांना लागतात. २०२३च्या मध्यस्थी कायद्यात एखाद्या परिसरातील शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद केली आहे. त्यातून लगेच पगारी पदे निर्माण होतील असे नाही. तरी मध्यस्थीचे रीतसर प्रशिक्षण तिने घ्यावे.

शिवाय तिला अभ्यासायला घरचे उदाहरणही आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी पोलिसांसह नियमित बसत असत, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. बेलफास्ट आणि भिवंडी यांची तुलना करणारा प्रबंध तिने लिहिला, तर भारतात परतल्यावर मुलाखतीत बोलायला तिच्याकडे स्वतःचे काहीतरी असेल.

कर्जाच्या बाबतीत, बहुतेक बँका अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्त्यांना सवलत देतात. तुमच्या करारातील नेमकी तारीख बँकेतून लेखी घ्या आणि त्या तारखेच्या सहा महिने आधी तिने अर्ज करायला सुरुवात करावी, मग पहिली नोकरी थेट या विषयातील नसली तरी चालेल. दौऱ्यानंतर तिने कोणाचेही नाव न लिहिता दोन पानांचे टिपण करून मला पाठवावे. कोणत्या संस्थांकडे आधी अर्ज करायचा, हे आपण ते वाचून ठरवू.