पिशवीच्या ऑपरेशननंतर आईला खाली गादी घालून झोपवू का?

तुमचा प्रश्न मी आधी वाचून सोडून दिला होता. आईची पिशवी काढली, पोटावर आडवे टाके आहेत, रात्री झोप लागत नाही, कोणत्या कुशीवर झोपवावं? एवढंच असतं तर ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आत्या म्हणते कॉट नको, खाली गादी घाला, कंबर सरळ राहते.’ ते वाचलं आणि लिहायला बसले.

खाली झोपवू नका.

पडून राहण्याचा त्रास फारसा नसतोच. एकदा पाठ टेकली की बाईला कुठलीही गादी चालते. खरं दुखणं उठताना. जमिनीवरून उठायचं म्हणजे आधी पोटावर जोर देऊन अर्धं व्हायचं, मग गुडघ्यांवर यायचं, आणि धरायला बाजूला काही नसतं. कुणी हात ओढून उठवलं तर ताण त्याच टाक्यांवर. रात्री लघवीला उठावं लागतंच. उठायची धास्ती बसली की बाई पाणी पिणं कमी करते, त्यात दुखण्याच्या काही गोळ्यांनी आधीच पोट साफ होत नसतं, मग कुंथायचं, आणि पुन्हा टाके. आत्यांची सरळ कंबर यात कुठे बसते?

माझं ऑपरेशन पन्नाशीला टेकताना झालं. गाठी मोठ्या होत्या म्हणून दुर्बिणीऐवजी पोट उघडूनच केलं, आणि अंडाशयंही काढली. तारीख मिळाली जानेवारीतली. नाशकातली ती थंडी माहीत असेलच, रात्री पारा दहाच्या खाली, आणि आमचा रविवार कारंज्यामागचा जुना वाडा, सगळीकडे शहाबादी फरशी. निजायच्या खोल्या वर, जिना लाकडी आणि उभा, संडास खाली मागच्या अंगाला. म्हणजे वरची खोली बाद. माजघरात जाऊबाईंनी चटई, तिच्यावर गादी, तिच्यावर गोधड्या अशी तयारी करून ठेवली होती. आणि बैठकीच्या खोलीत सासऱ्यांच्या वेळचा शिसवी दिवाण होता, बरोबर गुडघ्याच्या उंचीचा. मी दवाखान्यातून रिक्षाने आले ती पोटाशी उशी धरून, आले आणि दिवाणावर बसले. तिथून हलले नाही.

जाऊबाई म्हणाल्या, या वाड्यातल्या सगळ्या बाळंतिणी खालीच निजल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. मग म्हणाल्या, बैठकीत पुरुषमाणसं येतात, घरातली सून अशी आडवी पडलेली बरी दिसत नाही. मग म्हणाल्या, दिवाणावरून पडशील. मी सगळ्याला हो हो म्हणत पडून राहिले. खरं कारण तिसऱ्या चहाला बाहेर आलं. संक्रांत तोंडावर होती, आणि त्यांचं हळदीकुंकू दरवर्षी बैठकीतच व्हायचं. दिवाणावर चादर, चादरीवर वाण मांडलेलं, समोर सतरंजी. त्या वर्षी वाणाच्या जागी मी.

हळदीकुंकू झालंच. मला कुणी उठवू शकलं नाही, आणि बायकांना बोलावणं तर गेलेलं. गल्लीतल्या झाडून सगळ्या आल्या, तिळगूळ हातात घेऊन माझ्याभोवती बसल्या. प्रत्येकीकडे एक ऑपरेशन होतं. इतकं हसवलं की टाके उसवतात की काय असं वाटलं. त्यात सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर होत्या, पलीकडच्या वाड्यातल्या. त्यांनी कुंकू लावायच्या आधी माझ्या डोक्याखालची एक उशी काढून गुडघ्यांखाली सरकवली. पोटावरचा ताण जो सुटला, तो दवाखान्यातल्या वर-खाली होणाऱ्या कॉटवरही सुटला नव्हता. दुसरी उशी हातात दिली आणि म्हणाल्या, हसताना, खोकताना, शिंकताना ही पोटावर दाबून धरायची. मग सगळ्यांसमोर मला उठून बसायला लावलं, त्यांच्या पद्धतीने. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं, पाय काठावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपर आणि हात गादीवर रेटून वर यायचं. पोटाला काही करायला लावायचंच नाही. निजताना हेच उलटं.

जाऊबाई दारात आत्तरदाणी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘हळदीकुंकवाचा दवाखाना केलास.’ हे वाक्य अजून दर संक्रांतीला निघतं. मी इथे जाहीर लिहिते की केला, आणि त्या दवाखान्यात मी जे शिकले ते माजघरातल्या गादीवर मला कुणी शिकवणार नव्हतं. दुसरं, त्यांनी पुढे दोन वर्षांनी पित्ताशयाचं करून घेतलं, तेही दुर्बिणीने, चार बारीक छेद, आणि दवाखान्यातून आल्यावर कुठे निजल्या हे मी लिहीत नाही. त्या हे उत्तर वाचणार आहेत.

आता तुमचं कुशीचं. डावी की उजवी याला महत्त्व नाही, जी कमी दुखेल ती. सुरुवातीला बहुतेकींना उताणंच बरं वाटतं, गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर, डोकं आणि खांदे थोडे उंच. कुशीवर वळल्यावर पोट खाली ओघळल्यासारखं वाटतं आणि बाई घाबरते. तेव्हा दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी आणि पोटाला टेकवून एक मऊ घडी द्या. पालथं नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर खांद्यात कळ येते, ती पोटात भरलेल्या गॅसची असते, चार पावलं चाललं की हळूहळू जाते. तुमच्या आईला पोटावर आडवे टाके आहेत म्हणजे हे बहुधा लागू नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू पडेल.

रात्री दोनला ती घामाने चिंब होऊन पांघरूण फेकत असेल, तर अंडाशयं काढली आहेत का ते कागदांत बघा. काढली असतील तर पाळी हळूहळू जायच्या ऐवजी एका दिवसात गेलेली असते आणि अंगाची लाही होते. मी त्या थंडीत गोधडी फेकायचे, जाऊबाई येऊन पुन्हा घालायच्या, मी पुन्हा फेकायचे. त्यांना वाटायचं मी मुद्दाम करते. जाड एक पांघरूण देऊ नका, पातळ दोन द्या, सुती गाऊन द्या, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यावर उपाय असतात. आई स्वतः सांगणार नाही. तुम्ही मुलगा आहात म्हणून तर नाहीच, तेव्हा विचारायला लाजू नका.

दुखण्याची गोळी वेळेवर द्या. ‘सहन होतंय तोवर नको’ हा शहाणपणा आमच्या घरातही होता. कळ चढल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते आणि तोवर झोप मोडलेली असते. रात्रीचा डोस निजायच्या जरा आधी येईल असं डॉक्टरांकडून बसवून घ्या. झोपेची गोळी मात्र मनाने देऊ नका. पाण्याचा तांब्या, फोन, चष्मा तिला कंबर न पिळवटता हाताला येईल असं स्टुलावर ठेवा. दुपारी ती तीन तास निजत असेल तर रात्री झोप कुठून येणार? तिला घरातल्या घरात चालवा. ‘हलू नकोस, टाके तुटतील’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला बाहेर चहा द्या. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, म्हणून पडल्या पडल्याही पायाचे पंजे वर-खाली करत राहायचे.

पोटपट्टा मी चालताना बांधायचे, निजताना काढून ठेवायचे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नाही. तसंही मी डॉक्टर नाही, हे वरच लिहायला हवं होतं कदाचित. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला साधारण ६ ते ८ आठवडे धरतात, तोवर भरलेली बादली आणि नातवंड उचलायचं नाही. आणि झोप न लागण्याचं सगळंच उशीवर ढकलू नका. ताप १००.४ च्या वर गेला, टाक्यांतून पू किंवा अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, तासाभरात पॅड भिजलं, लघवी होईना, तर सकाळ व्हायची वाट न बघता दवाखान्याला फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर फोनही नको, थेट घेऊन जा.

घरात कॉट नसेल तर विकत घेऊ नका. दवाखान्याची कॉट महिन्याच्या भाड्याने मिळते, डोक्याकडची बाजू हाताने फिरवून वर घेता येते, मेडिकलच्या दुकानात विचारलं की पत्ता देतात. कॉट आणायची आणि आईला बसवून बघायचं, तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आत्यांना हे उत्तर वाचून दाखवू नका. त्यांना काही विचारायचंच नाही, त्या देवदर्शनाला गेल्या की कॉट घरात घ्या.