सोरॉरिटीला ‘भगिनी मंडळ’ म्हणावे का?

विचारणा अशी : अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘अल्फा कप्पा अल्फा’ या सोरॉरिटीवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. सोरॉरिटीला ‘भगिनी मंडळ’ म्हटले तर चालेल का, आणि चॅप्टर, लेगसी, प्लेज या शब्दांचे काय करायचे?

भगिनी मंडळ नको. शब्दशः ते चुकत नाही, पण वाचकापुढे उभे राहते ते हळदीकुंकू, पाककृतींची स्पर्धा आणि वर्गणी भरली की मिळणारे सभासदत्व. सोरॉरिटीत नुसती वर्गणी भरून शिरता येत नाही. ती मुलींना निवडून घेते, दीक्षाविधी गुप्त ठेवते आणि सदस्यत्व आजन्म मानते. म्हणून ‘सोरॉरिटी’ हाच शब्द ठेवावा, स्त्रीलिंगी चालवावा (सोरॉरिटीत, सोरॉरिटीची, अनेकवचन सोरॉरिट्या) आणि पहिल्या उल्लेखाला ‘कॉलेजातल्या मुलींची आजीव सदस्यत्वाची संघटना’ एवढे जोडावे. पुढे पुन्हा समजावत बसू नये.

मूळ लॅटिन ‘सोरोर’, म्हणजे बहीण. संस्कृत ‘स्वसृ’ हा त्याचाच सख्खा भाऊबंद. ‘भगिनी’ मात्र वेगळ्या मुळाचा. ‘स्वसृ’ मराठीत उघडपणे उरला नाही, पण ‘मातृष्वसृ’पासून आलेल्या मावशीत तो अजून दडलेला आहे. (सासूशी त्याचा संबंध नाही, ती ‘श्वश्रू’वरून आली.) यावरून ‘स्वसृसंघ’ घडवण्याचा मोह कुणाला झालाच, तर तो आवरावा. व्युत्पत्ती बिनचूक असेल, कळणार कुणालाच नाही.

खरी मेख ‘फ्रॅटर्निटी’त (शब्दशः बंधुसंघ, बहुधा मुलांची अशीच संघटना) आहे. मुलींच्या सुरुवातीच्या संघटना स्वतःला सोरॉरिटी म्हणवतच नव्हत्या. इंडियाना राज्यात १८७० साली स्थापन झालेली ‘कप्पा अल्फा थीटा’ आणि त्याच वर्षी इलिनॉयच्या मॉनमाउथ कॉलेजात निघालेली ‘कप्पा कप्पा गॅमा’ या दोन्ही आजही अधिकृत नावात फ्रॅटर्निटीच आहेत. ‘सोरॉरिटी’ हा शब्द या अर्थाने रुळवण्याचे श्रेय सिरॅक्यूज विद्यापीठातले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांना देतात. तो आधी चिकटला १८७४ च्या ‘गॅमा फाय बीटा’ला. तेव्हा फ्रॅटर्निटी दिसली की डोळे मिटून ‘बंधुसंघ’ लिहू नका. आधी सदस्य कोण आहेत ते पाहा.

‘ग्रीक लाइफ’चे ‘ग्रीक जीवन’ करणे हाही असाच खड्डा. ग्रीस देशाचा यात काही संबंध नाही. संघटनांची नावे ग्रीक अक्षरांची, म्हणून तो सगळा पसारा ‘ग्रीक’. ही प्रथा १७७६ च्या ‘फाय बीटा कप्पा’पासूनची आहे, तिची तीन अक्षरे म्हणजे एका ग्रीक बोधवाक्याची आद्याक्षरे. उच्चार अमेरिकी घ्यावेत : फाय, पाय, साय. ‘काय ओमेगा’ हे एका सोरॉरिटीचे नाव मराठीत प्रश्नासारखे वाचले जाते, त्याला इलाज नाही. बीटा, थीटा आपल्या गणिताच्या वर्गातले ठेवले तर बिघडत नाही, तिकडे उच्चार बेटा, थेटा यांच्या जवळ जातो इतकेच. ‘अल्फा कप्पा अल्फा’चे लघुरूप ‘ए-के-ए’ असे अक्षरे सुटी ठेवून लिहावे, ‘अका’ नव्हे.

आता मूळ मजकुराकडे. ए-के-ए ची स्थापना १५ जानेवारी १९०८ ची, वॉशिंग्टनमधल्या हॉवर्डमध्ये. कल्पना एथेल हेजमन (पुढे लाइल) यांची. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी काढलेली ही पहिली ग्रीक-अक्षरी सोरॉरिटी. संस्थापकांचा आकडा कुठे ९, कुठे २० दिसेल आणि अनुवादक गडबडेल. पहिल्या नऊ जणी, त्याच वर्षी सामील करून घेतलेल्या सात आणि १९१३ मध्ये संस्थेची कायदेशीर नोंदणी करणाऱ्या चार, मिळून वीस. ‘वीस मोती’ म्हणजे याच. याच सोरॉरिटीच्या सदस्य कमला हॅरिस यांच्या गळ्यातल्या मोत्यांची चर्चा झाली ती या संदर्भात. नोंदणीची घाई का झाली, तेही मजकुरात यायला हवे. नाव, रंग, चिन्हे बदलावीत असे तेव्हाच्या विद्यार्थिनींपैकी काहींचे म्हणणे होते. पदवी घेतलेल्या सदस्य नेली क्वांडर यांनी विरोध करून २९ जानेवारी १९१३ ला नोंदणी उरकली. वेगळ्या झालेल्या २२ जणींनी त्याच महिन्यात ‘डेल्टा सिग्मा थीटा’ काढली आणि ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात त्या चालल्या. रंग आणि चिन्हे ही तिथे सजावट नसते ती अशी.

ते रंग : सॅमन गुलाबी आणि सफरचंदी हिरवा. बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण हा रंग त्या रावसाचा नव्हे. ‘केशरी झाक असलेला गुलाबी’ लिहावे. हिरव्याला ‘फिकट पोपटी’ जवळचे पडते. चिन्ह आयव्ही वेलीचे पान. ‘आयव्ही’ तसेच ठेवावे, आपल्याकडच्या एखाद्या वेलीचे नाव देऊन फसू नये. ‘स्की-वी’ ही सदस्यांची हाळी. तिचा अर्थ लावत बसू नका, लिप्यंतर पुरे.

उरलेले शब्द भराभर. चॅप्टर म्हणजे शाखा. ‘अध्याय’ लिहिलेले पाहिले की वाईट वाटते. लेगसी म्हणजे जिची आई, आजी किंवा बहीण सदस्य आहे अशी उमेदवार. ‘वारसा’ नव्हे, ‘वारशातली मुलगी’. बिग आणि लिटल (मार्गदर्शक जुनी सदस्य आणि तिच्याकडे सोपवलेली नवी) यांना मराठीत आयते शब्द आहेत : थोरली, धाकटी. बिड म्हणजे प्रवेशाचे निमंत्रण, लिलावातली बोली नव्हे. प्लेज हे नाम असेल तर दीक्षेपूर्वीची उमेदवार, क्रियापद असेल तर उमेदवारी करणे. ‘शपथ’ दोन्हीकडे चुकते. कृष्णवर्णीय संघटनांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९० मध्ये प्लेजिंगची जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली, म्हणून त्यानंतरच्या मजकुरात ‘सदस्य-प्रवेश’ म्हणावे. हेझिंगला ‘रॅगिंग’ चालेल, पण आपल्याकडे रॅगिंग नव्या मुलामुलींपैकी कुणाच्याही वाट्याला येते. हेझिंग बहुधा सदस्यत्वाची किंमत म्हणून करतात. तो फरक वाक्यात उतरवावा.

मूल्यांच्या यादीत ‘सर्व्हिस’ आणि ‘फिलान्थ्रॉपी’ शेजारी शेजारी येतात. दोन्हींना ‘समाजसेवा’ लिहिले की फरक पुसला जातो. पहिले म्हणजे प्रत्यक्ष अंगमेहनतीचे काम, दुसरे मुख्यतः ठरावीक कामासाठी निधी उभारणे. ए-के-ए ने १९३५ पासून काही उन्हाळे मिसिसिपीतल्या ग्रामीण भागात डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली आरोग्य तपासणी आणि लसीकरण केले, ते पहिल्या प्रकारातले.

आणि सर्वांत जास्त होणारी चूक : ‘कमला हॅरिस या सोरॉरिटीच्या माजी सदस्य.’ माजी नाहीत. १९८६ मध्ये हॉवर्डला असताना त्या आत आल्या आणि पदवी घेतल्याने सदस्यत्व संपत नाही. पदवीनंतरच्या सदस्यांच्या वेगळ्या शाखा असतात, त्यांना ‘पदवीधर शाखा’ म्हणावे. सदस्य एकमेकींना ‘सोरोर’ अशी हाक मारतात. तिथे ‘ताई’ घालू नये, कारण त्या संबोधनात वयाचा थोरलेपणा नाही.