हळदीच्या ड्रायरला कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

ताई, बचत गटासाठी ५०० किलोचा हीट पंप ड्रायर (फ्रिजसारखा गॅस फिरवून हवा तापवणारं आणि तिची ओल काढणारं वाळवणी यंत्र) घ्यायचा आहे. एक कोटेशन साध्या पाच एचपी स्क्रोल कॉम्प्रेसरचं (गोल गुंडाळ्यांमध्ये गॅस दाबणारा), दुसरं इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणारं) आणि 'व्हेपर इंजेक्शन'वालं, दीड लाखाने महाग. समुद्रपूरकडे (जि. वर्धा) हळदीला कोणतं परवडेल, हा तुमचा प्रश्न.

आधी पाण्याचा हिशेब. उकडलेल्या हळदीत ७८ टक्के पाणी धरलं तर ५०० किलोत सुका भाग ११० किलोच. ओल १० टक्क्यांवर आणली की माल उतरतो साधारण १२२ किलो, म्हणजे ३७८ किलो पाणी काढायचं. चांगला ड्रायर एका युनिटमध्ये दोनेक किलो पाणी काढतो. खेपेला १९० युनिट, सीझनच्या ३५ खेपांना ६,६५०. इन्व्हर्टरने यातले १५ टक्के वाचवले आणि युनिट दहा रुपये धरलं तर वर्षाला दहा हजार. दीड लाख फिटायला पंधरा वर्षं! मिरची, आलं, शेवग्याचा पाला असं करत ड्रायर वर्षभर चालणार असेल तरच इन्व्हर्टरचा विचार करा.

व्हेपर इंजेक्शन तर सोडूनच द्या. यात थोडा गॅस वेगळ्या व्हॉल्व्हमधून स्क्रोलच्या मधल्या टप्प्यावर सोडतात. त्याने डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा दाबलेला गॅस) थंड राहतो आणि क्षमता वाढते. पण तो शोध मुख्यतः उणे १५ अंशातही घरं तापवायची असतात अशा देशांसाठी. तुमच्या बंद ड्रायरमध्ये इव्हॅपोरेटरवर (हवा थंड करून ओल काढणाऱ्या कॉइलवर) येणारी हवाच ४० अंशांची, तिथे त्याचा फायदा नावापुरता.

इन्व्हर्टरचं एक मात्र खरं. सुरुवातीला हळद भराभर पाणी सोडते, शेवटच्या दहा-बारा तासांत अगदी हळू, आणि तेव्हा पूर्ण ताकदीचा कॉम्प्रेसर नुसता चालू-बंद होत राहतो. हेच काम अडीच एचपीचे दोन साधे स्क्रोल, वेगवेगळ्या गॅस सर्किटवर, स्वस्तात करतात. शेवटी एक बंद करायचा. शिवाय एक बिघडला तरी खेप सडत नाही, आणि जवळच्या गावातला एसीवालाही तो बदलू शकतो. इन्व्हर्टरचं ड्राइव्ह कार्ड (वेग सांभाळणारं सर्किट) गेलं तर कंपनीची वाट पाहा. तो कॉम्प्रेसर लाइनवर सरळ जोडून चालत नाही.

गॅस आर-१३४ए असू द्या. आर-४१०एचं क्रिटिकल तापमान (ज्याच्या वर गॅसचा द्रव होतच नाही) ७१ अंशांच्या आसपास. ६० अंशांची हवा हवी तर कंडेन्सर (हवा तापवणारी कॉइल) ६५-७० वर जातो, म्हणजे अगदी काठावर. आणि ६० च्या वर हळद तापवूच नका, रंग जातो.

आता खरी दुखणी. थ्री फेज स्क्रोलची फेज उलटली की तो उलटा फिरतो: खडखडाट होतो, सक्शनचा (गॅस आत ओढणाऱ्या बाजूचा) काटा खाली येत नाही, डिस्चार्जचा वर चढत नाही. डीपी बदलल्यावर हे हमखास होतं. सिंगल फेजिंग (एक फेज जाणं) आणि फेज सीक्वेन्स (फेजचा क्रम) दोन्ही पकडणारा रिले, बंद पडल्यावर तीन मिनिटांचा टायमर आणि स्वतंत्र अर्थिंग याशिवाय मशीन चालू करू देऊ नका. शेतीच्या फिडरवर तर अजिबात नको, थ्री फेज आठ-दहा तासच मिळते आणि खेपेला तर सलग दीड दिवस लागतो.

दुसरं, बंद ड्रायरमध्ये कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज उष्णता होऊन आतच साठते. ती काढायला बाहेर जादा कंडेन्सर लागतो. कोटेशनमध्ये तो नसेल तर एप्रिलच्या दुपारी हाय प्रेशर कटआउट (दाब वाढला की मशीन बंद करणारा स्विच) पडत राहील आणि दोष बिचाऱ्या कॉम्प्रेसरला जाईल. डिस्चार्ज पाइपवर, कॉम्प्रेसरपासून वीतभर अंतरावर थर्मामीटर लावा. ११० अंशांवर गेला तर तेल जळायला लागतं.

हळदीची धूळ इव्हॅपोरेटरवर बसते, म्हणून दर दोन खेपांनी फिल्टर धुवा. आणि सहा महिने बंद राहिलेलं मशीन सीझनला सुरू करताना क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा) आदल्या दिवशीच चालू करा, नाहीतर तेलात मुरलेला गॅस एकदम उकळतो आणि बेअरिंग कोरडं पडतं.