ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड किती अंतरावर आहे ते सांगणारं यंत्र) ४.२ किमीवर फायबर तुटल्याचं दाखवतो, पण क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढं अंतर मोजलं तर जागा भलतीच निघते. असं का?

कारण ओटीडीआर काचेचा तंतू मोजतो, तुम्ही जमिनीवरची रेघ. चेंबरमध्ये, म्हणजे केबलच्या वाटेवरच्या जमिनीतल्या बांधीव खड्ड्यात, गुंडाळून ठेवलेली १०-१५ मीटर केबल नकाशावर दिसतच नाही. अशी वीस चेंबरं वाटेत आली की दोनशे-तीनशे मीटर तिथेच गेले. शिवाय आतल्या नळ्या पीळ देऊन बसवलेल्या असल्याने तंतू केबलपेक्षा थोडा लांबच असतो.

नकाशात चेंबरांचा वेगळा बिंदू-थर (पॉइंट लेयर) करा. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. चेंबरमध्ये शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा, दोन्ही आकडे नोंदवा; त्यांतला फरक म्हणजे आत गुंडाळलेली केबल. ओली चिखलट केबल पुसून वाचायचा कंटाळा येतो, पण खड्डा चुकीच्या जागी खणण्यापेक्षा बरं.

आणि लांबी यूटीएममध्ये (अंतर मीटरमध्ये देणारी, पट्ट्यांत विभागलेली नकाशा-पद्धत) मोजा: पुण्याला पट्टा ४३ उत्तर, नागपूरला ४४ उत्तर.