‘इमर्जन्स’ : उद्भव की जमून येणं?

एका वाचकाने विचारलंय : साध्या घटकांच्या आपसातल्या वागण्यातून अख्ख्या समूहात असा गुण दिसू लागतो, जो एकेकट्यात नसतो. जीवशास्त्रात याला ‘इमर्जन्स’ म्हणतात. मराठीत ‘उद्भव’ चालेल का?

परिभाषेत चालेल, पण बोलताना खटकतं. आपल्याकडे उद्भवतात त्या अडचणी, वाद आणि साथी. ‘आविर्भाव’ तर कामातूनच गेला. तो आता नुसता आणायचा असतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ही नको. तळ्यात थेंबातलंच पाणी असतं, फक्त जास्त.

आमच्या सोलापुरात हिवाळ्यात भोरड्या येतात. संध्याकाळी हिप्परग्याच्या तलावाकडे गेलात तर दिसेल : पाखरांचा काळा गोळा कणकेसारखा ताणला जातो, मधेच चिमटतो, पुन्हा फुगतो. म्होरक्या कुणी नाही. रोममध्ये याच कुळातल्या पक्ष्यांच्या थव्यांचे फोटो तपासून इटालियन शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं, की प्रत्येक पाखरू जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांच्या धोरणानेच उडतं, मग ते शेजारी किती का अंतरावर असेनात. थव्याचा आकार एकाही पाखराच्या डोक्यात नसतो. आपली चादर बघा. तिच्यावरचं फूल विणण्याआधीच जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागाच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर तयार असतं. थव्याला पुठ्ठाच नाही.

म्हणून मी ‘जमून येणं’ म्हणतो. माणसं जमतात, तसं भजनही जमतं. शेंगाचटणी कुटता कुटता तेल सुटतं आणि आजी म्हणते, “जमली.” ती चव एकट्या दाण्यात नव्हती, लसणातही नव्हती. गोळा होणं आणि साधणं, दोन्ही एकाच क्रियापदात आहेत. असं क्रियापद हाताशी असताना संस्कृतकडे कशाला धावायचं?

खोट एकच : या शब्दात शाबासकी आहे. तोच थवा हुरड्यात आलेल्या ज्वारीवर उतरला, की गोफण फिरवणारा शेतकरी काही ‘काय जमून आलंय’ म्हणणार नाही. त्याच्यापुरतं ‘उद्भवलं’ हेच खरं.

आणि नाम करायला गेलं की पंचाईत. ‘जमाव’ म्हटलं की जमावबंदी आठवते. लेख लिहिणार असाल तर सुरुवातीला एकदा ‘उद्भव’ लिहून टाका आणि पुढे क्रियापदावरच निभावून न्या.