चाळीस अर्ज दिले, फोन एकही नाही: बीएस्सीनंतरचा रेझ्युमे

गोव्यातल्या वाळपईच्या मुलीने विचारलंय की बीएस्सी केमिस्ट्री होऊन सहा महिने झाले, वेर्णे-कुंडईच्या औषध कंपन्यांत चाळीसेक ठिकाणी रेझ्युमे दिला, पण इंटरव्ह्यूला कुणी बोलवत नाही. बाय, तुला 'तू' म्हटलेलं चालेल ना? माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. तुझा रेझ्युमे मी दोनदा वाचला.

मी वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासतात तिथे, १६ वर्षं आहे. ट्रेनी घ्यायचे असले की एचआर गठ्ठा आमच्याकडे पाठवतं. एका कागदावर अर्धा मिनिटही जात नाही. तेवढ्यात मला बघायचं असतं ते एवढंच, की या मुलीच्या हातून काय काम झालंय.

तुझ्या पहिल्या पानाचा अर्धा भाग वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही आणि 'आव्हानात्मक वातावरणात प्रगती करण्याची इच्छा' यातच गेला. हे सगळं काढ. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड सरकारी अर्जाला लागतं, खाजगी कंपनीच्या रेझ्युमेत त्याचं काम नाही. शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हेही नको.

आता प्रोजेक्ट. दुसऱ्या पानाच्या तळाला एकच ओळ आहे: 'पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास.' ती वाचून मला काहीच कळलं नाही. पण प्रश्नात तू स्वतःच लिहिलंयस की सत्तरीतल्या १२ विहिरींचं पाणी आणलं, ईडीटीए टायट्रेशनने (रंग बदलेपर्यंत ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब घालून) कठीणपणा काढला, सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड काढलं, प्रत्येक नमुना तीनदा तपासला आणि निकाल आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी ताडून पाहिले. अगं, हेच तर लिहायचं! '१२ विहिरींचे नमुने. कठीणपणा ईडीटीए टायट्रेशनने, क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने. प्रत्येक वाचन तीनदा. निकाल आयएस १०५०० च्या मर्यादांशी ताडून पाहिले.' ही ओळ इंग्रजीत नीट बसव आणि शिक्षणाच्या लगेच खाली घे. ती वाचली की मी तुला बोलावणार आणि पहिलाच प्रश्न विचारणार: एंड पॉइंटला रंग कसा बदलतो? वाइन रेडचा निळा होताना तू डोळ्यांनी पाहिलायस, त्यामुळे उत्तर देताना तू अडखळणार नाहीस.

म्हणूनच एचपीएलसीबद्दल, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनबद्दल सांगते. तू 'एचपीएलसीचं ज्ञान' लिहिलंयस. कॉलेजात मशीन नुसतं दाखवलं असेल तर 'डेमो पाहिला' असंच लिही. मी कॉलम कुठला, मोबाइल फेज कुठली असं विचारते आणि मुलं गप्प होतात. मग बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो. आमच्या धंद्यात न केलेल्या कामाची नोंद हा सगळ्यात मोठा गुन्हा, ऑडिटला आलेले लोक आधी तेच शोधतात.

जाहिरात नीट वाच. त्यात जीएमपी (औषधं बनवण्याचे गुणवत्तेचे नियम), कॅलिब्रेशन (उपकरण बरोबर मोजतंय का ते तपासणं), डॉक्युमेंटेशन असे शब्द असतील आणि त्यातलं काही तू केलं असशील, तर तोच शब्द वापर. मोठ्या कंपन्यांत अनेकदा रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकान्यांचे रंगीत साचे आणि स्किलपुढचे तारे त्याला बऱ्याचदा नीट वाचता येत नाहीत. साधं एक पान, एकच रकाना, पीडीएफ. फाइलला 'फायनल न्यू २' असं नाव नको, स्वतःचं नाव आणि पद दे. कागदाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नकोस.

नंबर मात्र दुसऱ्याकडून तपासून घे. मागे आम्ही एका मुलीला निवडलं होतं, पण तिच्या मोबाइल नंबरात नऊच आकडे होते आणि ईमेलला उत्तर आलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला गेली. मला अजून वाईट वाटतं.

तिन्ही पाळ्यांत काम करायची तयारी असेल तर तेही एका ओळीत लिही, वाळपईहून येणार म्हटल्यावर ती शंका पहिल्यांदा येते.

नवा मसुदा झाला की नंबर-पत्ता झाकून इथेच टाक. रविवारी मला सुट्टी असते, ओळ न् ओळ बघून देते.